यादी मोठ्याने वाचताना

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज पंचायत समितीत जाऊन आमच्या गावच्या रोजगार हमीतल्या पाणंद रस्त्याची संचिका पाहिली. राज्य सरकारच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या आदेशाने सोमवारी दुपारी तीन ते पाच ही वेळ नागरिकांना अभिलेख पाहण्यासाठी राखून ठेवली आहे. पुणे महापालिकेत हा पायंडा त्याच्याही आधी पडला होता. इथे या वेळेची पाटी कुठे लावलेली नाही. आदेशाची प्रत पुढे ठेवल्यावर लिपिकाने ती नीट वाचली आणि कपाट उघडले.

संचिकेत सगळे होते. ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, मोजमाप पुस्तिका, आठवड्या-आठवड्याची मस्टर म्हणजे हजेरीपत्रके. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. बेरजा तपासायला बसले की वेळेचे भान राहत नाही. रोज २९७ रुपये मजुरी, गुणिले हजेरीचे दिवस. एकूण एक बेरीज बरोबर आली. मोजमाप पुस्तिकेतले मातीकाम आणि मस्टरवरची मजुरी यांचाही मेळ बसला.

बाहेर पडताना समाधान वाटायला हवे होते, पण एक प्रश्न मनात राहिला. ज्यांची नावे मस्टरवर आहेत तीच माणसे पाणंदीवर होती का? या प्रश्नाचे उत्तर त्या संचिकेत असणे शक्यच नव्हते. कागद कागदाची साक्ष देतो. माणसाची साक्ष माणसानेच द्यावी लागते.

८ जानेवारी, बुधवार

परवा कपाटातून काढून पाहिलेली बरीचशी माहिती घरी बसूनही दिसते. राष्ट्रीय रोजगार हमीच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, काम अशा पायऱ्या उतरत गेले की शेवटी मस्टर उघडते. त्यावर प्रत्येक मजुराचे नाव, हजेरी आणि मजुरीची रक्कम असते. २०२३ च्या सुरुवातीपासून सार्वजनिक कामांवर मोबाइलवरून दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढून चढवावा लागतो. तेही फोटो पाहता येतात. एवढ्या मोठ्या देशातल्या मजुरीचा नावानिशी हिशेब कुणालाही, कुठूनही, विनाशुल्क पाहता यावा ही फार मोठी गोष्ट आहे. ज्यांनी हे घडवून आणले त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पण आमच्या पाणंदीवर खोरे मारणाऱ्या बायकांपैकी एकीनेही हे पान पाहिलेले नाही. पान इंग्रजीत आहे. त्यावर स्वतःचे नाव शोधायचे तर आधी कामाचा क्रमांक, मग मस्टरचा क्रमांक माहीत हवा. नावांची इंग्रजी अक्षरे कुणी कशी टंकली आहेत ते लावून वाचावे लागते.

केंद्र सरकारने २०१२ मध्ये राष्ट्रीय डेटा धोरण आणले. सरकारी माहिती यंत्राला वाचता येईल, पुन्हा वापरता येईल अशा रूपात खुली करावी, असे त्यात म्हटले आहे. धोरण चांगले आहे. आमच्या ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक मिळाले ते मात्र कागदाचा वाकडा फोटो काढून केलेली फाइल आहे. त्यातला एक आकडाही उचलून बेरजेत घालता येत नाही. संध्याकाळभर बसून ते आकडे मी वहीत उतरवून घेतले.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी देवळाच्या सभामंडपात बायका जमल्या. फारशा नव्हत्या. दिवाळीनंतर आमचे निम्मे गाव ऊसतोडीला जाते, ते पाडव्याच्या आसपास परत येते. मागे राहतात म्हातारी माणसे, शाळेतली पोरे आणि ज्यांना उचल घ्यायची वेळ आली नाही अशी घरे.

मी डिसेंबरचे मस्टर उतरवून आणले होते. कुणावर आरोप करायचा नाही, यादी फक्त वाचायची, हे आधीच सांगितले. पहिली काही नावे वाचली. बायका माना डोलवत होत्या. ‘व्हय, होती ती.’ ‘व्हय, माझ्याच बरूबर होती.’ मग एक नाव वाचले आणि समोरून लगेच आवाज आला, “बाई, ही कशी असंल? ही तर कारखान्याला गेलीय!”

तिथूनच फोन लावला. सांगली जिल्ह्यातल्या एका फडावरून तिचाच आवाज आला. मागे बैलगाडी भरल्याचा गलबला होता. मी तिला तिच्या नावावरची हजेरी वाचून दाखवली. ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “आम्ही दिवाळी झाली तवाच निघालो की बाई. मला कुठलं पाणंदीचं काम?”

आणखी एका नावाला बायका थांबल्या. गावातल्या एका दुकानदाराचे नाव होते. त्याला पाणंदीवर कुणीही पाहिलेले नव्हते. ज्या दिवशी त्याची हजेरी होती, त्याच दिवशी एकीने त्याच्याकडून तेल आणि साखर नेली होती.

संचिका वाचताना ही दोन्ही नावे माझ्या डोळ्यांखालून गेली होती. तेव्हा मला त्यांत काहीच वावगे दिसले नाही. चाळीस वर्षांचे गणित जिथे थांबले तिथून निरक्षर बायकांचे ज्ञान सुरू झाले. कोण कुठे होते, कधी निघाले, कुणाच्या हातात त्या आठवड्यात काय होते, हे त्यांना पाठ होते. सरकारकडे आकडे होते, त्या आकड्यांची परीक्षा करण्याची विद्या या बायकांकडे होती. दोन्ही एका जागी आल्याशिवाय माहिती खुली झाली असे म्हणता येणार नाही, हे मला आज कळले.

१५ जानेवारी, बुधवार

आपल्या माहिती अधिकाराचा उगमही अशाच एका वाचनात आहे. राजस्थानातल्या देवडूंगरी गावात अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह यांनी स्थानिक शेतकरी-मजुरांबरोबर काम सुरू केले. त्यातून १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटना उभी राहिली. लढा किमान मजुरीचा होता. पुरेशी मजुरी मागितली की ‘तुम्ही काम केले नाही, कागदात तसे आहे’ असे उत्तर मिळे. आणि तो कागद दाखवला जात नसे. तेव्हा तसा कायदाही नव्हता. तरी संघटनेने नोंदी मिळवल्या आणि डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे पहिली जनसुनवाई झाली. गावासमोर हजेरीपत्रके वाचली गेली आणि लोक उभे राहून काय खरे, काय खोटे ते सांगू लागले. १९९६ मध्ये ब्यावर शहरात चाळीस दिवस धरणे झाले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा त्याच चळवळीतली.

महाराष्ट्राची वाटही रोजगारातूनच जाते. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला बसली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ मध्ये कायदा झाला, आणि ती पुढे देशाच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याला आधार ठरली. माहितीच्या बाबतीत गोव्याने १९९७ मध्येच कायदा केला होता. आपल्याकडे अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ चा कायदा आला. केंद्राचा माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, दिरंगाई केली तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड, हे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे.

कलम ४ मात्र फार कमी लोक वाचतात. कार्यालयाने कुणी मागण्याची वाट न पाहता सतरा बाबींची माहिती स्वतःहून जाहीर करावी, असे ते कलम सांगते. अनुदान कुणाला किती मिळाले, सवलत कुणाला दिली, अधिकाऱ्यांचे वेतन किती, हे सगळे त्यात येते. त्यासाठी कायद्याने १२० दिवस दिले होते. त्याला आता जवळजवळ वीस वर्षे होत आली. हे कलम मनापासून पाळले गेले असते तर अर्जांचा आणि अपिलांचा एवढा ढीग साचला नसता. महाराष्ट्राच्या माहिती आयोगापुढे २०२४ मध्ये एक लाखाहून अधिक प्रकरणे पडून होती. उशिरा मिळालेल्या माहितीचा मजुराला काय उपयोग? तोपर्यंत रस्त्यावर दोन पावसाळे होऊन जातात.

या वाटेवर माणसांनी जीवही गमावले. तळेगाव दाभाडे इथले सतीश शेट्टी जमिनीच्या व्यवहारांची कागदपत्रे खणून काढत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असता त्यांची हत्या झाली. परवा त्याला पंधरा वर्षे झाली. एकटा माणूस कागद मागतो तेव्हा त्याच्याकडे बोट दाखवणे सोपे असते. अख्खे गाव मिळून वाचते तेव्हा बोट कुणाकडे दाखवायचे?

२० जानेवारी, सोमवार

मस्टरची नोंद ठेवणारा रोजगार सेवक संध्याकाळी घरी आला. माझाच विद्यार्थी. बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, “बाई, तुम्ही आधी मला विचारायचं ना.” मी म्हटले, “आता विचारते. तू सांग.”

त्याने जे सांगितले ते लिहून ठेवण्यासारखे आहे. कारखान्याला गेलेल्या बाईने निघण्याआधी कामाची मागणी नोंदवली होती. मागणीवरून ई-मस्टर छापून आले तेव्हा ती फडावर पोचली होती. तिच्या जागी तिची धाकटी जाऊ कामावर आली. तिचे जॉबकार्डच काढलेले नव्हते. माती खरोखर तिने उचलली, मजुरी मात्र थोरलीच्या खात्यात गेली. मी लगेच संकेतस्थळावरचा त्या दिवसाचा फोटो उघडला. डोक्याला रुमाल बांधलेल्या पंधरा-वीस बायका, चेहरे उन्हाने पांढुरके झालेले. मला एकही ओळखू येईना. शेजारच्या मावशींना हाक मारली. त्यांनी क्षणात बोट ठेवले, “ही बघा धाकटी. तिच्या लेकीचं जर्किन घातलंय.”

म्हणजे या नावामागे चोरी नव्हती, अडचण होती. पण त्या अडचणीने एका कष्टकरी बाईची मजुरी तिच्या हातात पडली नाही, आणि सरकारच्या दृष्टीने ती बाई कामावर आलीच नाही. अर्ज केल्यावर पंधरा दिवसांत जॉबकार्ड मिळायला हवे. तिचा अर्ज मी आजच भरून घेतला.

दुकानदाराच्या नावाबद्दल विचारले तेव्हा रोजगार सेवक खाली बघत राहिला. मीही ताणले नाही. त्याच्या मानधनाचा आणि वरून येणाऱ्या दबावाचा हिशेब कुठल्याच पानावर दिसत नाही, हे मला समजते. पण ते नाव ग्रामसभेत वाचले जाणार, हे त्याला स्पष्ट सांगितले. जाताना तो म्हणाला, “वाचा बाई. एकदा वाचलं की पुढच्या वेळी मलाच सांगता येईल, गाव ऐकतंय म्हणून.”

२६ जानेवारी, रविवार

काल महिला सभा झाली, आज झेंडावंदनानंतर ग्रामसभा. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. गाव अर्धे रिकामे असतानाही ती भरली, याचे मोठे श्रेय बायकांचे.

सरपंचांना मी आधीच भेटले होते. विरोध होईल असे वाटले होते, तसा तो झाला नाही. भाऊसाहेबांनी म्हणजे ग्रामसेवकांनी मस्टर हातात घेतले आणि स्वतः वाचले. नाव, किती दिवस, किती रुपये. प्रत्येक नावानंतर थांबले. फडावरच्या दोघीतिघी फोनवर ऐकत होत्या. दुकानदाराचे नाव आले तेव्हा कुणी ओरडले नाही. पाणंदीवर काम केलेली एक आजी उभी राहिली आणि म्हणाली, “हा गडी आमच्यात नव्हता.” एवढेच. त्यानंतर तिच्या मागे पाच-सहा हात वर झाले. त्या नोंदीची पंचायत समितीने चौकशी करावी असा ठराव झाला.

दुसरा ठराव मला जास्त मोलाचा वाटतो. यापुढे प्रत्येक ग्रामसभेत आधीच्या काळातली मस्टर वाचली जातील. आणि ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर जॉबकार्डधारकाचे नाव, मिळालेले दिवस आणि मिळालेली मजुरी मराठीत रंगवली जाईल. रोजगार हमीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये भिंतीवरच्या या माहितीची तरतूद आधीपासूनच आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार ग्रामसभेलाच दिला आहे. आम्ही नवीन काही मागितले नाही. जे आमचे होते ते वापरायला सुरुवात केली.

३ फेब्रुवारी, सोमवार

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या नियमांचा मसुदा गेल्या महिन्यात, ३ जानेवारीला, प्रसिद्ध झाला. त्यावर सूचना मागवल्या गेल्या. मी पुन्हा २०२३ चा तो कायदाच वाचायला घेतला, कारण त्याचे कलम ४४(३) माहिती अधिकाराच्या गाभ्याला हात घालते.

माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) आजवर असे होते की, ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा जी दिल्याने कुणाच्या खासगी आयुष्यात नाहक घुसखोरी होते, ती नाकारता येते. तरीही जनहित मोठे असेल तर ती द्यावी लागे. आणि एक सुंदर कसोटी होती. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही, ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही. कलम ४४(३) च्या दुरुस्तीनंतर हे सगळे जाऊन एवढेच उरते की वैयक्तिक माहिती देणे बंधनकारक नाही. कलम ८(२) मधला जनहिताचा दरवाजा कायम आहे हे खरे. पण त्यावर टकटक करून आत जाण्याची धडपड पुन्हा मागणाऱ्यानेच करायची.

नाव ही वैयक्तिक माहिती आहे. मग मस्टरवरचे नाव? रेशनच्या यादीतले? घरकुलाच्या लाभार्थ्याचे? रस्त्याच्या ठेकेदाराचे? उद्या मला कुणी सांगितले की ‘पाणंदीवर अमुक इतके मजूर होते, अमुक इतकी मजुरी वाटली, नावे देता येत नाहीत’, तर माझी बेरीज पुन्हा बरोबर येईल आणि गाव पुन्हा मुके होईल. त्या आजीला ‘हा आमच्यात नव्हता’ असे म्हणता आले, कारण तिच्यासमोर नाव वाचले गेले. नुसत्या संख्येला ती काय म्हणणार होती?

खासगीपणा जपायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०१७ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिले की सरकारी संकेतस्थळांवर कोट्यवधी लोकांचे आधार क्रमांक उघडे पडले होते. त्यांत रोजगार हमीचेही संकेतस्थळ होते. ते गंभीर होते. खाते क्रमांक, आधार, कुणाचा आजार, कुणाच्या घरातली भांडणे, यांतले काहीही भिंतीवर येऊ नये. आम्ही ग्रामसभेत यांतले काहीच वाचले नाही. जनतेच्या पैशातून कुणाला, कशासाठी, किती मिळाले, एवढेच खुले हवे. या दोन गोष्टींतली रेघ पूर्वीच्या कलमात नीट आखलेली होती. माझी सूचना मी याच शब्दांत लिहून पाठवली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला आज एक वर्ष झाले. त्या वेळचा घटनाक्रम मी आज मुलांना फळ्यावर समजावून सांगितला. मार्च २०२४ मध्ये निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर दोन याद्या आल्या. एकीत रोखे विकत घेणाऱ्यांची नावे, तारखा, रकमा. दुसरीत ते वटवणारे पक्ष. सगळी नावे होती, पण कुणाचा रोखा कुणाकडे गेला हे सांगता येत नव्हते, कारण रोख्याचा क्रमांक दोन्हीत नव्हता. न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर २१ मार्चला क्रमांकांसह याद्या आल्या आणि मग देशभरच्या पत्रकारांनी त्या एकमेकींना जोडल्या.

नववीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, क्रमांक पहिल्यांदाच का दिला नाही?” हाच प्रश्न विचारायला मी तिला शिकवू पाहते आहे. माहिती देणाऱ्याने कोणता रकाना गाळला, हे पाहायला शिकणे म्हणजेच नागरिक होणे. गावातल्या मस्टरला आणि दिल्लीतल्या रोख्यांना ही एकच नजर लागते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ग्रामपंचायतीच्या फलकावर लोकसंख्या २०११ ची आहे, कारण त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. २०२१ ची करोनामुळे पुढे गेली, ती २०२५ उजाडले तरी झालेली नाही. अन्न सुरक्षा कायद्याखाली किती लोकांना धान्य द्यायचे याचा हिशेबही २०११ च्याच लोकसंख्येवर चालतो. त्यानंतर जन्मलेली मुले आता सातवी-आठवीत आहेत. मोजलेच नाही तर खुले काय करणार? माहिती दडवण्याबद्दल आपण बोलतो, न गोळा केलेल्या माहितीबद्दलही तितक्याच जोराने बोलायला हवे.

गोळा झालेली माहिती कशी खुली करावी याचे उदाहरण मात्र आहे. राजस्थानने २०१९ मध्ये जन सूचना पोर्टल सुरू केले. माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे रेशन, पेन्शन, रोजगार अशा योजनांची माहिती वॉर्ड आणि पंचायतवार, मागणी न करता पाहता येईल अशी रचना त्यात आहे. ज्या मातीत जनसुनवाई झाली तिथेच हे घडले, यात नवल नाही. लोकांनी वर्षानुवर्षे मोठ्याने वाचल्यामुळे काय विचारायचे ते तिथल्या लोकांना ठाऊक होते. महाराष्ट्राकडे संगणक आहेत, सातबारा घरबसल्या काढण्याची सोय आहे, हुशार अधिकारी आहेत. आपल्या भाषेत आणि आपल्या गावाच्या नावाखाली सगळ्या योजनांचे एकच पान आपल्यालाही करता येईल.

२ मार्च, रविवार

शेजारच्या गावातल्या बचत गटाच्या बायका आल्या होत्या. त्यांना विचारायचे होते, सुरुवात कुठून करायची. मी त्यांना कायद्याची कलमे सांगितली नाहीत. एक काम निवडा, म्हटले. सगळ्यांनी पाहिलेले, ज्यावर तुमच्यातल्या काहीजणी राबल्या आहेत असे. त्याचे एका आठवड्याचे मस्टर उतरवून घ्या. जिथे बायका मोकळेपणाने बोलतात अशा जागी बसा आणि नाव, दिवस, रुपये एवढेच वाचा. खाते क्रमांक वाचू नका. जी नावे बरोबर आहेत त्यांनाही ‘बरोबर’ म्हणा, कारण प्रामाणिक नोंद ठेवणाऱ्याचीही गावाने दखल घ्यायला हवी. एखादे नाव अडले तर आधी त्या माणसाला विचारा, मग नोंद ठेवणाऱ्याला, मग ग्रामसभेला.

त्यांतल्या एकीने विचारले, “आणि कुणी यादी द्यायला नाही म्हणालं तर?” दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि अर्जाचा नमुना मी तिच्या हातात दिला. अर्ज दीडशे शब्दांच्या आत बसवायचा आणि एकाच विषयावर करायचा, हा आपल्या राज्याचा नियमही सांगितला. तिने तिथेच बसून पहिला अर्ज लिहिला. विषय होता तिच्या गावची अंगणवाडीची इमारत, आणि कामावरच्या मजुरांची नावे तिने सर्वात आधी मागितली होती.